रेकॉर्ड जरा तिखट

९ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तार तुटली ती थेट गालावर येऊन बसली. डोळा वाचला. दातवाली एका हाताने माझ्या गालावर कापूस दाबून उभी आहे आणि हलू नकोस म्हणून दटावते आहे. पण मास्तर टेप बदलेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नाही, म्हणून गिटार मांडीवर उलटी ठेवून तिच्या पाठीवर हे लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

तारांचं काय झालंय कळत नाही. सकाळी नवा संच चढवते, संध्याकाळपर्यंत तो मेलेला असतो. पुसून पाहिलं, ताणून पाहिलं. आज जरा धार यावी म्हणून सूर वर चढवला, तर ही अशी तुटली. बारा तारांच्या गिटारीचं सगळं सुख तिच्या किणकिणण्यात असतं. ते गेलं तर उरतं काय, लाकूड. दुकानदार आता मला लांबूनच बघून हसतो. काल म्हणाला, ताई, तारा खाता की काय.

तू विचारलं होतंस, ही मंडळी कोण कोण. दातवाली गाते. दिवसा ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, त्यामुळे सगळ्यांची तोंडं तिला आतून माहीत. खांब बेस गिटार वाजवतो. उंच आहे, आणि विचारल्याशिवाय बोलत नाही, विचारलं तरी क्वचितच. पोस्टमन ड्रम वाजवतो आणि तो खरोखरच पोस्टमन आहे. हे पत्रही बहुधा तोच पेटीतून काढील. गाणी मी करते. ती तुला ठाऊक आहेत. छोटी, उड्या मारणारी, ऐकताना बस चुकली तरी माणसाला वाईट वाटू नये अशी. मास्तर म्हणजे या खोलीचे आणि रेकॉर्डिंगच्या मशीनचे मालक.

खोली पूर्वी बर्फाचं कोठार होती. भिंतींना बुचाचे जाड थर, दार हातभर जाड. आत बोललेलं आतच विरतं. मला वाटतं तारांचा दोष नाही, या भिंती आवाज पितात.

आमचा पहिल्या दिवसापासूनचा एक नियम आहे. ज्याचं गाणं, त्याचा हात बटणांवर. वाजवून झालं की बाकीच्यांनी बाहेर जायचं, आणि कोणाचा आवाज किती ठेवायचा ते ज्याचं गाणं त्याने एकट्याने ठरवायचं. चौघांनी एकदम मतं दिली की गाण्याचा चोथा होतो. या रेकॉर्डवरची सगळी गाणी माझी, म्हणून सगळी बटणंही माझी. पोस्टमन म्हणतो, कान तिचा, आम्ही नुसते हात.

गालाचं आईला सांगू नकोस. अर्थात वाचेलच ती.

आहे तेवढा लोभ सांभाळून ठेव, पुढे लागेल.

तुझी
भिंगरी

१४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आईने माझ्याआधी वाचलं. टेबलावर पडलेलं पत्र तिच्या आधी कुणी वाचलंय असं या घरात कधी झालेलं नाही. दुकानात फोन आहे, पण तू तो करत नाहीस ते बरं करतेस. तिला ऐकू येईनासं झाल्यापासून जे बोलायचं ते लिहून आणि जे लिहिलं ते सगळ्यांचं, हा कायदा तिचाच. तुझ्या वहिनीला लग्नानंतर वर्षभर तो पचला नव्हता. आता तीच मला भाजीसुद्धा पाटीवर लिहून सांगते.

गालाला हळद वगैरे लावत बसू नकोस, दातवालीला नीट औषध लावू दे.

तारा इतक्या लवकर मरत नाहीत गं. मी सायकलचं चाक सरळ करतो ते तारा बोटाने छेडूनच. ढिली तार नुसती ठस् करते, ताणलेली गाते. उन्हापावसातून फिरून आलेली जुनीपुराणी चाकं माझ्याकडे येतात, त्यांच्या ताराही अजून गातात. तुझा तो हसणारा दुकानदार तुला गंजका माल देत असणार. दुकान बदल.

आईने एकच प्रश्न विचारला, पाटीवर. खोलीबाहेर आल्यावर रस्त्यावरचं तिला सगळं नीट ऐकू येतं ना. मी लिहिलं, ती गाणी करणारी पोरगी आहे, तिला नाही तर कुणाला येणार. आईने पाटी पुसली आणि पुन्हा कुणाच्या तरी पँटची शिवण उसवायला बसली.

जेवत जा. इकडची काळजी करू नकोस, तिकडची थोडी कर.

तुझा
दादा

२१ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत कॅसेट आहे. वाजवून सगळं झालं, आता फक्त आवाज जुळवणं चाललंय. निम्मी गाणी जुळवून झाली, ती यात आहेत. दुकानात लाव, मोठ्याने लाव, आणि मला खरं काय ते कळव.

दुकान बदललं. दोन दुकानं बदलली. तारांचं तेच.

तुला एक सांगते, कुणापाशी बोलू नकोस. (हे लिहिताना मलाच हसू आलं. टेबलावर ठेवणार तू हे.) मला मास्तरांचा संशय येतो. मी ट्रेबल वाढवते, म्हणजे आवाजाची वरची, चमकणारी बाजू, आणि घरी जाऊन दुसऱ्या दिवशी ऐकते तर चमक नाही. कुणीतरी काढून घेतल्यासारखी. मी आणखी वाढवते. पुन्हा तेच. मास्तरांना विचारलं, मी गेल्यावर तुम्ही हात लावता का. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, पोरी, तुझ्या बटणाला मी हात लावायचा म्हटलं तरी ते आता वर सरकायला जागाच उरलेली नाही.

दातवालीचंही काहीतरी बिनसलंय. शब्द खाते. सगळे स आणि श गिळते. मी तिला एकच ओळ इतक्या वेळा म्हणायला लावली की ती म्हणाली, याहून जास्त स काढला तर मी साप होईन. पोस्टमन हसला. मलाही हसायला हवं होतं. पोस्टमनच्या झांजा तर कापड टाकून वाजवल्यासारख्या लागतात. त्याला म्हटलं, नव्या आण. तो म्हणाला, नव्याच आहेत.

आणि परवा बाहेरच्या खोलीत किटली जळाली. मी शेजारी बसून गाण्याचे शब्द सुधारत होते. दातवाली आणि खांब अंगणातून धावत आले आणि त्यांनी गॅस बंद केला. दोघं माझ्याकडे बघत राहिले. पाणी उकळलं की वाजते ती शिट्टी बिघडली असणार. जुनी किटली आहे.

टेप बारा ऑक्टोबरला रेकॉर्ड कापणाऱ्या कारखान्यात जायची आहे. एकदा खाचेत आवाज कोरला गेला की मग ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही.

मला काय वाटतंय ते विचारू नकोस. तसं काही नाहीये.

लोभात खंड नको. वहिनीला कॅसेट आधी ऐकव, तिची आवड तुझ्यापेक्षा बरी आहे.

तुझी
भिंगरी

२५ सप्टेंबर, घरातल्या चिठ्ठ्या

आई,
दुकानात कॅसेट लावली. गाणी चांगली आहेत. तिची बोटं कळतात. पण आवाज काचेवर खिळा ओढावा तसा. ही कानांवर हात ठेवून बाहेर जाऊन उभी राहिली. पंक्चर काढून घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमचं मशीन गेलंय. मी शेजारच्या न्हाव्याकडे नेऊन लावली. तिथेही तेच. मशीन चांगलं आहे. तिला काय लिहू?

खरं लिही. किटलीचं वाचलंस?

वाचलं.

मग तुलाही कळलंय आणि मलाही. आधी तू लिही. तुला नाही जमलं तर मी आहे.

२६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कॅसेट ऐकली. वा. तू आणि तुझी मंडळी खरंच वाजवता. तिसरं गाणं, ते जिन्यावरून उतरल्यासारखं येतं, ते तर मी टायर बदलताना गुणगुणत होतो. न्हावी म्हणाला, कुणाचं आहे. मी सांगितलं, आमच्या धाकटीचं. त्याने हजामत अर्धी टाकून पूर्ण ऐकलं. गिऱ्हाईक साबण लावून बसलं होतं, त्याला विचारायचं राहिलं.

आवाज जरा तिखट वाटला. म्हणजे फार नाही. आमची मशीनं साधी, त्यांचंही असेल. हिचं म्हणणंही तसंच पडलं, पण तिला तिखट सोसत नाही हे तुला माहीतच आहे. कुणा दुसऱ्याला एकदा ऐकवून बघशील का? आपल्या कानाला आपलंच काम ऐकून ऐकून सवय होते. मलाही दिवसभर चाकं बघून संध्याकाळी सगळीच वाकडी दिसतात.

तब्येत बरी आहे ना? झोप येते ना? एकदा सगळं दाखवून का घेत नाहीस, म्हणजे नुसतं आपलं सहज, डोळे, दात, काय असेल ते.

इकडे सगळे बरे. मनात ठेवावं.

दादा

३० सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न.

डोळे, दात, काय असेल ते. कान लिहायला हात धजला नाही ना.

तू एकटा नाहीस. काल खांबाने कुणी विचारलेलं नसताना तोंड उघडलं. म्हणाला, वरचा आवाज थोडा खाली आणला तर. मी त्याला नियम ऐकवला. तो बरं म्हणाला आणि बेस पिशवीत घालून निघून गेला. पोस्टमनने त्याच्या मागोमाग जाऊन त्याला समजावलं असावं. दोघं अंगणात उभे राहून बोलत होते. खिडकीतून तोंडं हलताना दिसत होती. माझ्याबद्दलच बोलत होते. तेव्हापासून सगळे माझ्याशी जास्तच गोड बोलतात, आणि तेही हळू.

सगळ्यांना तिखट लागतं. मला अळणी लागतं. मग खरं कुणाचं? मी आजवर ज्या जोरावर जगले तो कान चुकीचा आणि न्हाव्याचा बरोबर?

आईचं आणि मावशीचं मला माहीत आहे. तू लिहिलं नाहीस म्हणून मला आठवत नाही असं समजू नकोस. लहानपणापासून आठवतं. आई पाठमोरी असली की मी तिला हाक मारत नसे, जाऊन पदराला हात लावत असे. दादा, मी आता रोज सकाळी उठल्याबरोबर उशीच्या अभ्र्यावर नख घासून बघते. ऐकू येतं. म्हणजे येतं. पण आधी किती येत होतं, हे मी कुठे लिहून ठेवलंय?

आणि समजा असलंच. समजा. तर आत्ता सांगून काय होईल? बटणं माझ्याकडून जातील. आज बटणं, उद्या गिटार. ज्या बाईला ऐकू येत नाही तिच्याबरोबर कोण वाजवतं? बारा तारखेला टेप जाऊ दे. एकदा रेकॉर्ड माझ्या हातात येऊ दे. मग सगळं दाखवीन, डोळे, दात, काय असेल ते.

हे पत्र टेबलावर ठेवू नकोस. एवढं एक माझ्यासाठी कर.

भिंगरी

३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दादाने तुझं पत्र टेबलावर ठेवलं नाही. दिवसभर खिशात घेऊन हिंडला. पत्र आलंय आणि दाखवत नाही, एवढ्यावरून मला जे कळायचं ते कळलं. मी हात पुढे केला, त्याने दिलं. त्याला रागावू नकोस. चाक सरळ करणं निराळं, हे निराळं.

मला शिवता येतं, सजवून सांगता येत नाही. माझं कसं झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. आधी मला वाटलं, गल्लीतली पाखरं कमी झाली. शेजारणीला म्हटलंसुद्धा, पाखरं कुठे गेली सगळी. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण समोरची तार पाखरांनी भरली होती. मग शिवणाचं मशीन मऊ चालायला लागलं. मला वाटलं, तेल चांगलं मिळालंय. मग माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली, आणि मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतात. तुझ्या मावशीचं हेच झालं, तिची दाराची घंटा आधी गेली. आता तुझ्या तारा, तुझी किटली, त्या मुलीचे शब्द. मी तुझी पत्रं घडी घालून ठेवते आणि पुन्हा उघडते. तेच लिहिलेलं असतं.

आवाज एकदम जात नाही. वरून उसवत येतो. खालची शिवण पुष्कळ दिवस टिकते. तुला ढोल ऐकू येईल, माणसं ऐकू येतील, म्हणून तू म्हणशील मला सगळं ऐकू येतं.

मी चुकत असेन तर मला खूप आनंद होईल. करून बघ. किल्ल्यांचा जुडगा कुणालातरी वाजवायला सांग. पाठीमागून. समोरून नको, समोरून डोळे ऐकतात. मी त्या डोळ्यांच्या ऐकण्यावर बरेच दिवस काढले आणि सगळ्यांना फसवलं, आणि त्या दिवसांत कुणी काही केलं असतं तर उपयोग झाला असता की नाही, ते आता कुणालाच सांगता येत नाही. तू ते दिवस घालवू नकोस.

दुसरं, तुझ्या रेकॉर्डचं. मला ती ऐकू यायची नाही, त्यामुळे ती तिखट की गोड याने माझं काही अडत नाही. पण माझी सून कानांवर हात ठेवून दुकानाबाहेर उभी राहिली. लोकांनी असं उभं राहावं म्हणून तू गाणी केलेली नाहीस. चूक माप घेऊन शिवलेला कपडा मी कधी गिऱ्हाइकाला दिला नाही, परत उसवला. कोण वाजवतं म्हणून विचारतेस. विचारलंस का त्यांना? की त्यांच्या वतीनेही तूच ठरवलंस, नियमाप्रमाणे?

घाबरली असशील. मीही घाबरले आहे. अक्षर हललंय ते त्यामुळे, डोळे अजून चांगले आहेत.

जीव तिकडे आहे, हे निराळं लिहायला नको.

आई

७ ऑक्टोबर (कार्ड)

ती. आईस,
सा. न.

पत्र पोचलं. मी किल्ल्याबिल्ल्या वाजवून घेणार नाही. तुझं झालं म्हणून माझं व्हायलाच हवं असं नाही. इथे काम फार आहे.

भिंगरी

११ ऑक्टोबर

ती. आईस व दादास,
सा. न. वि. वि.

कार्डाबद्दल आई मला बोलेल ते मी ऐकून घेईन. ऐकून घेईन लिहिताना हात थांबला, पण दुसरा शब्द सापडला नाही.

आज दुपारी पोस्टमन वाटप संपवून थेट कोठारावर आला. त्याच्याकडे पत्रपेट्यांच्या किल्ल्यांचा मोठा जुडगा असतो, कमरेला बांधलेला. मला तो रोज दिसतो. आज मी त्याच्या कमरेकडे बघत बसले आणि माझ्या लक्षात आलं की तो चालताना मला तो फक्त दिसतोय.

मी त्याला अंगणात नेलं. म्हटलं, आईने एक खेळ सांगितलाय. मी खोक्यावर भिंतीकडे तोंड करून बसते, तू मागे उभा राहून किल्ल्या वाजव. तो म्हणाला, तुझ्या घरचे खेळ अजब आहेत. मी बसले. भिंतीला पोपडे आलेले होते, ते बघत राहिले. एक मोटार गेली. कुणीतरी लांबवर काही ठोकत होतं. तो जुडगा सोडवत असेल असं वाटलं. मग वाटलं, तो चेष्टा करतोय. मी म्हटलं, वाजव ना लवकर. काही नाही. पुन्हा म्हटलं. मग वळून पाहिलं.

तो माझ्या अगदी मागे उभा होता, हात माझ्या डोक्याच्या उंचीवर, आणि जुडगा जोरजोरात हलवत होता. त्याचं तोंड बघून कळलं की बराच वेळ हलवतोय. मी वळल्यावरही तो थांबेना. थांबला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं, म्हणून असेल. आई, आणि वळल्याबरोबर मला किल्ल्या ऐकू आल्या. अगदी स्वच्छ. तू लिहिलंस ते डोळ्यांचं ऐकणं ते हेच असावं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग मी आत जाऊन सगळ्यांना सांगितलं. किटलीपासून सांगितलं. मास्तरांनी मशीन बंद केलं. दातवाली चिडली. तिला वाटत होतं की तिचा आवाज वाईट म्हणून मी तिला छळते आहे. म्हणाली, स म्हणून म्हणून माझी जीभ सोलली आणि कान तुझा फुटका निघाला. मग रडली. मग म्हणाली, दवाखान्यात शेजारीच कानांचे डॉक्टर बसतात, मंगळवारची वेळ ती आत्ताच्या आत्ता घेते, आणि गेलीसुद्धा.

मी त्यांना विचारलं, आई. माझ्याबरोबर वाजवाल का, हे सरळ विचारलं. पोस्टमन म्हणाला, ढोल ऐकू येतो ना, मग मी तुझ्या मागे आहेच. खांब बेस पुसत राहिला. तो बोलत नाही हे मला माहीत आहे, तरी मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग मी खांबाला म्हटलं, बटणांवर तू बस. तो नाही म्हणाला. नियम नियम आहे, गाणी तुझी आहेत. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. तुम्हाला सांगते, किल्ल्यांपेक्षा हे कठीण गेलं. मला त्याची विनवणी करावी लागली की बाबा रे, माझ्या हातून बटणं काढून घे. शेवटी म्हणाला, सकाळी बघू, पण तू शेजारी बसायचं. टेप दुपारपर्यंत गेली तरी चालेल, मास्तरांनी कारखान्यात विचारून घेतलं.

भीती गेलेली नाही. मंगळवारी ते काय सांगतील ते मला कळलेलं आहे आणि तरी कळायचं आहे. या रेकॉर्डनंतर दुसरी होईल की नाही ते माहीत नाही. दादा, तू खोटं फार वाईट लिहितोस, पुन्हा प्रयत्न करू नकोस. वहिनीला माझा नमस्कार, आणि तिचे कान शाबूत आहेत याबद्दल अभिनंदन.

मला धरून असा. एवढंच मागते.

तुमची
भिंगरी

ता. क. १२ ऑक्टोबर. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून पुढचं लिहिते. सकाळी खांब बटणांशी बसला, मी त्याच्या शेजारी, बाकीचे मागे. त्याने पहिलं गाणं लावलं आणि ट्रेबल खाली आणत गेला. मला काही फरक कळला नाही. दातवालीने आवळलेले खांदे सोडले, तेव्हा मी त्याला म्हटलं, इथेच ठेव. सगळी गाणी अशीच केली. टेप दुपारी गेली.